थांबलेले यंत्र आणि निर्धोक यंत्र : औद्योगिक देखभाल-दुरुस्तीतील अपघातांच्या प्रतिबंधाचा आढावा

कारखान्यातील यंत्राभोवती माणसाच्या रक्षणासाठी जी व्यवस्था उभारलेली असते, ती प्रामुख्याने यंत्र चालवणाऱ्या कामगाराचा विचार करून उभारलेली असते. पट्टा आणि पुलीवर जाळी असते, गिअरवर झाकण असते, दार उघडताच यंत्र थांबवणारा स्विच असतो आणि हात धोक्याच्या जागेपासून दूर राहावेत म्हणून दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबायची बटणे असतात. देखभाल किंवा दुरुस्ती करणाऱ्या कामगाराची परिस्थिती याच्या नेमकी उलट असते, कारण त्याला काम करता यावे म्हणून आधी ही जाळी काढावी लागते, झाकण उघडावे लागते, आणि जिथे एरवी कोणाचा हात पोहोचू नये अशी सारी रचना केलेली असते, तिथेच त्याला हात, डोके आणि प्रसंगी संपूर्ण शरीर न्यावे लागते. त्यामुळे चालकाचे रक्षण करणारी साधने फिटरच्या, इलेक्ट्रिशियनच्या किंवा त्यांच्या हेल्परच्या उपयोगी पडत नाहीत आणि त्यांच्यासाठी वेगळी व्यवस्था करावी लागते. ही वेगळी व्यवस्था नसणे, अपुरी असणे किंवा असूनही ती बाजूला ठेवली जाणे, या तीन प्रकारांत देखभालीतील बहुतेक अपघातांचे मूळ सापडते.

या प्रश्नाचे आकारमान लहान नाही. युरोपीय संघाच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने २०१०-११ या दोन वर्षांत सुरक्षित देखभाल याच विषयावर खंडव्यापी मोहीम चालवली, तेव्हा युरोपातील कामाच्या ठिकाणच्या जीवघेण्या अपघातांपैकी सुमारे १० ते १५ टक्के अपघात देखभालीच्या कामाशी निगडित असल्याचे तिने मांडले होते. एकूण कामगारांत देखभाल कामगारांचा वाटा आणि एकूण कामाच्या तासांत देखभालीचे तास किती थोडे असतात हे लक्षात घेतले, की या प्रमाणाचे गांभीर्य कळते. त्यातही 'देखभाल' या सदरात काय मोडते हे नीट ठरवले नाही, तर प्रश्न आहे त्याहून लहान दिसतो. यंत्र खोलून बेअरिंग बदलणे ही जशी देखभाल आहे, तसेच वंगण घालणे, साफसफाई करणे, पट्ट्याचा ताण जुळवणे, डाय बदलणे, अडकलेला माल काढणे, बिघाड शोधणे आणि दुरुस्तीनंतर चाचणी घेणे ही कामेही देखभालीचीच आहेत. कन्व्हेअरमध्ये अडकलेला तुकडा काढायला वाकलेला ऑपरेटर त्या क्षणी देखभाल कामगार झालेला असतो. मात्र देखभाल कामगाराला मिळायला हवे ते प्रशिक्षण, तो वेळ आणि ती साधने त्याच्याकडे बहुधा नसतात.

कायद्याची वाटचाल

चालत्या यंत्राची सफाई धोकादायक आहे, ही जाणीव कारखानदारीइतकीच जुनी आहे. ब्रिटनच्या १८४४ च्या कारखाना कायद्याने यंत्राला कुंपण घालण्याची सक्ती केली आणि गिरणीतील शक्तिवाहक यंत्रणा फिरत असताना मुलांकडून व अल्पवयीनांकडून तिची सफाई करून घेण्यास मनाई केली. भारतात कापडगिरण्या वाढू लागल्यानंतर १८७५ मध्ये मुंबईत कारखान्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला गेला आणि १८८१ मध्ये पहिला भारतीय कारखाना कायदा आला, ज्यात धोकादायक यंत्रांना कुंपण घालण्याची तरतूद होती. स्वातंत्र्यानंतरच्या १९४८ च्या कारखाने अधिनियमात या विचाराला बराच तपशील मिळाला. त्याच्या कलम २१ मध्ये यंत्रांच्या कुंपणाची, कलम २२ मध्ये चालू यंत्राजवळच्या कामाची आणि कलम २४ मध्ये वीजपुरवठा तोडण्याच्या साधनांची तरतूद होती.

यांपैकी कलम २२ देखभालीच्या दृष्टीने फार महत्त्वाचे होते. यंत्र चालू ठेवूनच तपासणी, वंगण किंवा जुळवणी करणे अपरिहार्य असेल, तर ते काम खास प्रशिक्षण घेतलेल्या प्रौढ पुरुष कामगारानेच करावे, त्याने अंगाला घट्ट बसणारे कपडे घालावेत, ते कपडे कारखान्याने पुरवावेत आणि त्याचे नाव त्यासाठी ठेवलेल्या नोंदवहीत असावे, असे हे कलम सांगत असे. सैल बाही, उपरणे किंवा लोंबता दोरा फिरत्या शाफ्टमध्ये गुंतून माणूस ओढला जाणे हा जुन्या गिरण्यांतील नेहमीचा अपघात होता, आणि घट्ट कपड्यांच्या अटीमागे हाच अनुभव आहे. कलम २४ मध्ये १९७६ च्या दुरुस्तीने एक उपकलम जोडले गेले. त्यानुसार वीजपुरवठा तोडणारे जे साधन चुकून 'बंद' स्थितीतून 'चालू' स्थितीत सरकू शकते, ते सुरक्षित स्थितीत कुलूपबंद करण्याची सोय असणे बंधनकारक होते. कुलपाचे तत्त्व अशा रीतीने भारतीय कायद्यात आले खरे, पण ते साधनाच्या चुकून सरकण्यापुरते राहिले. दुसऱ्या माणसाने, आत कोणी आहे हे ठाऊक नसताना, जाणूनबुजून स्विच चालू करणे हा देखभालीतील अधिक मोठा धोका आहे, आणि प्रत्येक कामगाराचे स्वतंत्र कुलूप असावे असे या उपकलमात म्हटलेले नव्हते.

अमेरिकेने हा पुढचा टप्पा १९८९ मध्ये गाठला. तेथील व्यावसायिक सुरक्षा प्रशासनाने धोकादायक ऊर्जेच्या नियंत्रणाचे मानक त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये प्रसिद्ध केले आणि जानेवारी १९९० पासून ते लागू झाले. कारखान्यांत 'लॉकआउट-टॅगआउट', किंवा थोडक्यात 'लोटो', म्हणून ओळखली जाणारी पद्धत या मानकामुळे जगभर रूढ झाली. या मानकाच्या पालनामुळे दरवर्षी सुमारे १२० मृत्यू आणि ५०,००० इजा टळतात, असा त्या प्रशासनाचा अंदाज आहे. यंत्र अनपेक्षितपणे सुरू होऊ नये यासाठी यंत्र बनवणाऱ्याने काय करावे, हे सांगणारे आयएसओ १४११८ हे आंतरराष्ट्रीय मानकही पुढे आले. भारतात १९४८ च्या अधिनियमाची जागा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती संहितेने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे.

ऊर्जा कुठे दडलेली असते

देखभालीतील अपघातांचा तांत्रिक गाभा समजून घ्यायचा, तर यंत्र थांबणे आणि यंत्र निर्धोक होणे या दोन वेगळ्या अवस्था आहेत हे आधी स्पष्ट झाले पाहिजे. यंत्र थांबले याचा अर्थ इतकाच, की त्या क्षणी त्यात हालचाल नाही. ते निर्धोक झाले असे म्हणायचे, तर हालचाल घडवून आणू शकेल अशी कोणतीही ऊर्जा त्याच्यापर्यंत पोहोचत नाही आणि त्याच्या आत उरलेलीही नाही, याची खातरजमा झालेली असावी लागते. या दोन अवस्थांमधले अंतर कापण्यासाठी जी कामे करावी लागतात, तीच देखभालीतील सुरक्षिततेची खरी कामे होत.

पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर या पट्ट्यातील वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यांत सर्रास आढळणारा यांत्रिक पॉवर प्रेस हे याचे उत्तम उदाहरण आहे. या प्रेसमध्ये मोटर एक जड फ्लायव्हील सतत फिरवत असते, आणि क्लच गुंतला की फ्लायव्हीलमधील ऊर्जा क्रँकशाफ्टमार्फत रॅमला खाली आणते. मोटरचे बटण बंद केल्यावर फ्लायव्हील लगेच थांबत नाही, ते बराच वेळ फिरत राहते; आणि त्या अवधीत पेडलला कोणाचा पाय लागला, क्लचची चावी झिजलेली असली किंवा तिची स्प्रिंग तुटली, तर मोटर बंद असूनही रॅम एक पूर्ण फेरी मारून जातो. डाय बसवणाऱ्या सेटरचे दोन्ही हात त्या वेळी रॅमखाली असतात. यावरचा उपाय कित्येक दशकांपासून ठाऊक आहे. फ्लायव्हील पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहायची, मुख्य आयसोलेटर, म्हणजे वीजपुरवठा पूर्ण तोडणारा स्विच, बंद करून त्याला कुलूप लावायचे आणि रॅम व खालचा बेड यांच्यामध्ये भक्कम सेफ्टी ब्लॉक ठेवायचा. चांगल्या व्यवस्थेत हा ब्लॉक साखळीने एका विद्युत प्लगला जोडलेला असतो, त्यामुळे प्लग सॉकेटमधून काढल्याशिवाय ब्लॉक रॅमखाली नेताच येत नाही, आणि प्लग काढला की प्रेसचा नियंत्रण-पुरवठा आपोआप तुटतो. मात्र हा ब्लॉक रॅमचे आणि वरच्या डायचे वजन पेलण्यासाठी असतो, प्रेसचा पूर्ण घाव झेलण्यासाठी नसतो. म्हणून ब्लॉक ठेवला तरी वीज आणि फ्लायव्हील यांची व्यवस्था करावीच लागते.

फ्लायव्हीलमधील गती हा साठलेल्या ऊर्जेचा केवळ एक प्रकार झाला. हायड्रॉलिक यंत्रात ॲक्युम्युलेटर नावाची टाकी असते, ज्यात नायट्रोजनच्या दाबाखाली तेल साठवलेले असते, आणि पंप बंद झाल्यावरही हा दाब तसाच राहतो. उच्च दाबाच्या हायड्रॉलिक पाइपला सुईच्या टोकाएवढे छिद्र पडले असेल, तर गळती कुठे आहे हे बोटाने चाचपणाऱ्याच्या त्वचेतून तेल आत शिरते. जखम वरून टाचणी टोचल्यासारखी दिसते, पण आतील ऊती झपाट्याने खराब होऊ लागतात आणि तातडीने शस्त्रक्रिया झाली नाही, तर बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. म्हणूनच अशी गळती पुठ्ठ्याचा तुकडा धरून शोधावी, हा साधा नियम आहे. हवेच्या दाबावर चालणाऱ्या सिलिंडरमध्ये हवा कोंडलेली असते. मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हमधील कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही काही मिनिटे घातक दाबाची वीज उरते, आणि किती वेळ थांबायचे हे ड्राइव्हवरच लिहिलेले असते. वर उचलून ठेवलेला भाग गुरुत्वाकर्षणाने खाली येतो, दाबलेली स्प्रिंग सुटते, वाफेच्या नळीत उष्णता आणि दाब असतो, रासायनिक टाकीत वायू उरलेला असतो. यांपैकी एकही ऊर्जा स्टॉप बटण दाबल्याने नाहीशी होत नाही.

आणीबाणीच्या लाल बटणाविषयीचा गैरसमज तर फारच व्यापक आहे. हे बटण आणि दाराचा इंटरलॉक स्विच दोन्ही नियंत्रण-परिपथावर काम करतात, म्हणजे कॉन्टॅक्टर किंवा नियंत्रकाला थांबण्याची आज्ञा देतात. मुख्य वीजपुरवठा ते यंत्रापासून तोडत नाहीत. कॉन्टॅक्टरचे टोक चिकटले, वायरला अर्थ लागला, नियंत्रकाच्या प्रोग्रॅममध्ये चूक असली किंवा दुसऱ्या माणसाने बटण सोडवून यंत्र पुन्हा सुरू केले, तर त्या आज्ञेला काही अर्थ उरत नाही. त्यामुळे यंत्राच्या आत हात घालायचा असेल, तर वीज मुख्य आयसोलेटरवरच तोडली गेली पाहिजे.

कुलूप, पाटी आणि पडताळणी

ऊर्जा-विलगीकरणाची, म्हणजे यंत्राला त्याच्या सर्व ऊर्जास्रोतांपासून वेगळे करण्याची, आज जगभर मान्य झालेली पद्धत सहा पायऱ्यांची आहे. प्रथम यंत्राला कोणकोणते ऊर्जास्रोत जोडलेले आहेत याची लेखी यादी पाहून संबंधितांना कामाची कल्पना दिली जाते. मग यंत्र नेहमीच्या रीतीने थांबवले जाते. त्यानंतर प्रत्येक स्रोत त्याच्या आयसोलेटरवर किंवा व्हॉल्व्हवर तोडला जातो. तिथे काम करणारा प्रत्येक माणूस आपले कुलूप आणि आपल्या नावाची पाटी लावतो. आत साठलेली ऊर्जा मोकळी केली जाते किंवा तिला आधार देऊन अडवले जाते. आणि शेवटी यंत्र खरोखर मृत झाले आहे का, याची पडताळणी केली जाते.

सहापैकी शेवटची पायरी सर्वांत स्वस्त आहे आणि सर्वाधिक वेळा तीच वगळली जाते. आजूबाजूला कोणी नाही हे पाहून स्टार्ट बटण दाबायचे आणि यंत्र हलत नाही याची खात्री करून ते पुन्हा बंद स्थितीत आणायचे, इतकीच ती पडताळणी असते. विजेच्या कामात टेस्टर आधी चालू वाहिनीवर तपासायचा, मग ज्या तारांवर काम करायचे त्यांवर लावायचा आणि पुन्हा चालू वाहिनीवर तपासायचा, कारण टेस्टरच बिघडलेला असेल तर त्याने 'वीज नाही' असे सांगण्याला किंमत नसते. चुकीचा आयसोलेटर बंद केला जाणे, एकाच यंत्राला दोन ठिकाणांहून पुरवठा असणे आणि पॅनेलवरची नावे जुनी किंवा चुकीची असणे, या तिन्ही चुका या एका पायरीवर उघड होतात.

कुलपामागचा नियम एक माणूस, एक कुलूप, एक चावी असा आहे. ज्याने कुलूप लावले त्यानेच ते काढायचे, आणि चावी त्याच्याच खिशात राहायची. यंत्रावर दहा जण काम करत असतील, तर मुख्य आयसोलेटरच्या कुलपाची चावी एका पेटीत ठेवून त्या पेटीला दहा जणांनी आपापली कुलपे लावायची. दहावा माणूस बाहेर येऊन आपले कुलूप काढेपर्यंत यंत्र सुरू होऊ शकत नाही. नुसती पाटी लावणे हा कुलपाला पर्याय नाही. पाटी केवळ सूचना देते, ती तेलाने माखते, वाऱ्याने उडते, वाचता न येणाऱ्याला तिचा उपयोग नसतो आणि घाईत असलेला माणूस ती बाजूला सारू शकतो. फ्यूज काढून खिशात ठेवण्याची आपल्याकडची जुनी पद्धत हेतूने चांगली असली, तरी दुसरा फ्यूज किंवा तार टाकून पुरवठा पुन्हा जोडणे अवघड नसल्यामुळे तिच्यावर विसंबता येत नाही.

कामाचा परवाना आणि पाळीबदल

जिथे अनेक विभाग, अनेक पाळ्या आणि कंत्राटी तुकड्या एकत्र काम करतात, तिथे कुलपाच्या जोडीला कामाचा लेखी परवाना लागतो. कोणत्या यंत्रावर, कोणते काम, कोणत्या वेळेत, कोणती खबरदारी घेऊन करायचे हे त्यात नमूद असते, आणि उत्पादन विभाग यंत्र देखभाल विभागाच्या ताब्यात देतो व काम झाल्यावर परत घेतो, याची त्यावर सहीनिशी नोंद असते. हा परवाना निव्वळ कागद बनला की काय होते, हे ६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातील पायपर अल्फा या तेल-वायू फलाटावर दिसून आले. तेथील दोन कंडेन्सेट पंपांपैकी एकाचा दाब-मोचक व्हॉल्व्ह दिवसपाळीत देखभालीसाठी काढला होता आणि उघड्या नळीच्या तोंडावर तात्पुरती तबकडी बसवली होती. पंपाच्या दुरुस्तीचा परवाना वेगळा आणि व्हॉल्व्हचा परवाना वेगळा होता. रात्रपाळीत दुसरा पंप बंद पडला, तेव्हा पहिल्या पंपाची दुरुस्ती सुरू झालेली नाही एवढे कर्मचाऱ्यांना समजले, पण त्याचा व्हॉल्व्ह जागेवर नाही हे समजले नाही. त्यांनी तो पंप सुरू केला, तबकडीतून वायू गळला आणि रात्री दहाच्या सुमारास झालेल्या स्फोटानंतरच्या आगीत १६७ माणसे मृत्युमुखी पडली. लॉर्ड कलन यांच्या चौकशी अहवालाने १९९० मध्ये १०६ शिफारशी केल्या आणि परवाना-पद्धतीतील व पाळीबदलाच्या वेळच्या संवादातील दोषांवर नेमके बोट ठेवले.

भारतातही देखभालीचा आणि मोठ्या दुर्घटनांचा संबंध अपरिचित नाही. भोपाळमध्ये २ डिसेंबर १९८४ च्या रात्री वायू सुटला, तेव्हा तो जाळून टाकण्यासाठी उभारलेला फ्लेअर टॉवर नळीचा एक भाग देखभालीसाठी काढलेला असल्यामुळे निरुपयोगी होता. उत्तर प्रदेशातील उंचाहार औष्णिक विद्युत केंद्रात १ नोव्हेंबर २०१७ रोजी ५०० मेगावॉटच्या संचात जी दुर्घटना झाली, तीत बॉयलरच्या तळाशी साचलेली राख मोकळी करण्याचे काम संच चालू ठेवूनच सुरू होते, आणि तीत तीसहून अधिक माणसे दगावली. संच बंद केल्याने होणारे वीजनिर्मितीचे नुकसान मोजता येते, बंद न केल्याने वाढणारा धोका मात्र दुर्घटना घडेपर्यंत कोणत्याही हिशेबात दिसत नाही; देखभालीच्या निर्णयांत उत्पादनाचे पारडे वारंवार जड का ठरते, याचे हे एक कारण आहे.

बंदिस्त जागा : साखर कारखान्याचे उदाहरण

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील बरीच मोठी यंत्रसामग्री साखर कारखान्यांत आहे, आणि तिच्या देखभालीचे वेळापत्रक ऊस ठरवतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू झालेला गळीत हंगाम मार्च-एप्रिलच्या आसपास संपला, की ऑफ सीझनमध्ये मिलचे रोलर उचलले जातात, फायब्रायझरचे हॅमर बदलले जातात, बॉयलरच्या नळ्या तपासल्या जातात आणि रसाच्या व मळीच्या टाक्या धुतल्या जातात. या काळात काम शांतपणे, परवाना आणि कुलूप यांच्या शिस्तीत करता येते. हंगामात मात्र गेटवर उसाच्या गाड्यांची रांग लागलेली असते, केन कॅरियर अडकला की सगळे गाळप थांबते, आणि खंड मिनिटांत मोजला जातो. अशा वेळी चेन पूर्ण बंद न करता लोखंडी सळईने अडथळा ढकलण्याचा मोह होतो. एकाच कारखान्यात, त्याच माणसांकडून, ऋतुमानाप्रमाणे सुरक्षिततेची पातळी बदलते. यावरून हा प्रश्न केवळ माणसाच्या स्वभावाचा नसून कामाच्या रचनेचा आहे, हे उघड होते.

टाक्यांची सफाई हा यातील सर्वांत घातक भाग होय. मळी किंवा रस आंबून कार्बन डायऑक्साइड तयार होतो, तो हवेपेक्षा जड असल्यामुळे टाकीच्या तळाशी साचून राहतो, आणि आत उतरलेला माणूस काही श्वासांतच शुद्ध हरपतो. सांडपाण्याच्या टाकीत हायड्रोजन सल्फाइड असतो. त्याचा वास सुरुवातीला येतो, पण प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच नष्ट होते, त्यामुळे वास येत नाही म्हणून वायू नाही असा अंदाज जिवावर बेततो. हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो, आणि तो १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर श्वसन-उपकरणाशिवाय आत जाऊ नये, असा सर्वमान्य दंडक आहे. १९४८ च्या अधिनियमाच्या कलम ३६ नुसार सक्षम व्यक्तीने स्वतः चाचणी करून दिलेला लेखी दाखला लागत असे, किंवा आत जाणाऱ्याने श्वसन-उपकरण लावून, पट्ट्याला बांधलेल्या दोराचे दुसरे टोक बाहेरच्या माणसाच्या हाती दिलेले असावे लागे. आणि टाकीच्या आत नेण्याचा हातदिवा २४ व्होल्टपेक्षा अधिक दाबाचा नसावा, असेही त्या अधिनियमाचे बंधन होते.

अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा संशोधन संस्थेने १९८६ मध्ये दिलेल्या इशाऱ्यात म्हटले होते, की बंदिस्त जागेत मृत्यू पावणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक लोक आधी आत पडलेल्याला वाचवायला गेलेले असतात. आपल्याकडे सेप्टिक टँक आणि सांडपाण्याच्या टाक्यांत एकापाठोपाठ दोन-तीन जणांचे बळी जातात, त्यामागे हेच कारण असते. सोबत्याला वाचवण्याची ही धडपड मोलाची आहे. म्हणूनच बाहेर तिपाई, दोर आणि उपकरणासह प्रशिक्षित माणूस उभा असल्याशिवाय आत कोणालाही उतरू न देणे, ही व्यवस्थापनाची जबाबदारी ठरते.

वीज चालू ठेवावीच लागणारी कामे

ऊर्जा पूर्ण तोडून सर्वच कामे करता येत नाहीत, ही वस्तुस्थिती मान्य केल्याशिवाय प्रतिबंधाची चर्चा प्रामाणिक होत नाही. बिघाड शोधताना, सेन्सर जुळवताना किंवा रोबोटला नवी हालचाल शिकवताना यंत्रात वीज असावी लागते. अशा कामांसाठी मध्यम मार्ग आखलेला आहे. यंत्र मंद गतीच्या पद्धतीवर टाकायचे आणि बटण दाबून धरले तरच हालेल, सोडताच थांबेल, अशा नियंत्रणाखाली ठेवायचे. औद्योगिक रोबोटसाठी ही मंद गती सेकंदाला २५० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी, असे आंतरराष्ट्रीय मानक सांगते. जपानमध्ये १९८१ साली एका कारखान्यात देखभालीसाठी कुंपणाच्या आत गेलेल्या कामगाराचा, पूर्णपणे बंद न केलेल्या रोबोटच्या हाताने ढकलला जाऊन मृत्यू झाला होता. आज आपल्याकडच्या वेल्डिंग लाइनवर रोबोट वेगाने वाढत असताना ही जुनी नोंद ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मात्र बिघाड सापडला आणि भाग बदलायची वेळ आली, की वीज तोडून कुलूप लावायचे, ही सीमारेषा पुसट होऊ देता कामा नये.

चूक कुठे होते आणि का

देखभालीत होणाऱ्या मानवी चुकांचा अभ्यास करणारे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी एक सोपा दाखला दिला आहे. एका बोल्टवर आठ नट ठरावीक क्रमाने बसवलेले असतील, तर ते काढण्याचा मार्ग एकच असतो, पण परत बसवण्याचे ४०,३२० क्रम संभवतात आणि त्यांतला एकच बरोबर असतो. यंत्र खोलताना यंत्रच पुढची पायरी दाखवते, जोडताना ती माणसाच्या आठवणीवर किंवा लेखी सूचनेवर अवलंबून राहते. आणि जोडणीचे काम बहुधा पाळीच्या शेवटी, थकव्यात आणि 'मशीन कधी चालू होणार' या प्रश्नाच्या भडिमारात होते. राहून गेलेली जाळी, उलट जोडलेली हवेची नळी, आत विसरलेला पाना या चुका निष्काळजी माणसांपुरत्या मर्यादित नसतात, अनुभवी फिटरकडूनही त्या घडतात. त्यामुळे काढलेल्या प्रत्येक जाळीची व झाकणाची नोंद ठेवणे, हत्यारे मोजून घेणे आणि चाचणीपूर्वी दुसऱ्या माणसाने तपासणी करणे, हे उपाय उपदेशापेक्षा अधिक उपयोगी ठरतात.

अपघातानंतरच्या अहवालांत 'कामगाराचा निष्काळजीपणा' हे कारण लिहिण्याची प्रथा या संदर्भात फार नुकसान करते. फिटरने कुलूप लावले नाही हे खरे असले, तरी त्याला कुलूप दिले होते का, आयसोलेटरला कुलूप लावण्याची जागा होती का, आयसोलेटर यंत्रापासून किती दूर होता, आधी कोणी कुलूप लावले तेव्हा सुपरवायझरने उशिराबद्दल त्याला झापले होते का, हे प्रश्न विचारल्याशिवाय चौकशी पूर्ण होत नाही. या दृष्टीने कंत्राटी कामगाराची स्थिती सर्वांत बिकट आहे. शटडाउनच्या कामासाठी चार-आठ दिवसांकरता आलेल्या माणसाला यंत्राची माहिती नसते, यंत्राच्या सूचना त्याच्या भाषेत लिहिलेल्या नसतात, आणि काम थांबवण्याचा अधिकार कागदावर असला, तरी तो वापरल्यास उद्या बोलावणे येईल याची त्याला खात्री नसते.

लहान उद्योगांचा प्रश्न

मोठ्या कारखान्यांत आज लोटोचे फलक, रंगीत कुलपे आणि परवान्यांची पुस्तके दिसतात, परंतु त्यांना भाग पुरवणाऱ्या दुसऱ्या-तिसऱ्या फळीतील कारखान्यांत ही शिस्त झपाट्याने विरळ होत जाते. मूळ अधिनियमानुसार विजेवर चालणाऱ्या जागेत दहा कामगार असले की तो कारखाना ठरत असे. नव्या संहितेत ही संख्या वीस झाली आहे. त्यामुळे दोन-तीन जुने प्रेस टाकून गाळ्यात चालणारे अनेक उद्योग कारखान्याच्या व्याख्येबाहेर राहतात, जरी प्रेसचा घाव कामगारांच्या संख्येनुसार हलका होत नसला तरी. सेकंडहँड बाजारातून आलेल्या यंत्रांच्या मूळ जाळ्या आणि स्विच वाटेतच गळालेले असतात, आणि सेटर, ऑपरेटर व फिटर बहुधा एकच माणूस असतो. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या अनुसूचीत अंगठा गेला तर कमाईच्या क्षमतेत ३० टक्के, तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के आणि मधले बोट गेले तर १२ टक्के घट धरली होती. हाताच्या कौशल्यावर जगणाऱ्या माणसाच्या आयुष्यात मात्र हे नुकसान या आकड्यांत मावत नाही.

या उद्योगांसाठी उपाय महाग नाहीत. कुलूप लावता येणारा आयसोलेटर, माणशी एक कुलूप, प्रत्येक यंत्राच्या ऊर्जास्रोतांचा यंत्राजवळ लावलेला मराठी व हिंदी तक्ता आणि पॉवर प्रेससाठी सेफ्टी ब्लॉक, एवढ्याने मोठा पल्ला गाठता येतो. मुंबईत सायन येथील केंद्रीय श्रम संस्था, १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय सुरक्षा परिषद आणि राज्याचे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय यांच्याकडे आवश्यक ते ज्ञान आहे. ते एमआयडीसीच्या गाळ्यांपर्यंत पोहोचवण्याचा भार मोठ्या खरेदीदार कंपन्यांनीही उचलला पाहिजे, कारण भागांचा दर आणि पुरवठ्याची मुदत त्याच ठरवतात.

रचनेपासून मोजणीपर्यंत

सर्वांत टिकाऊ प्रतिबंध यंत्राच्या रचनेत असतो. वंगणाची टोके नळीने जाळीबाहेर आणली, तर ग्रीस भरायला आत हात घालावा लागत नाही; अडकलेला माल बाहेरून काढण्याची सोय असली, तर रोजचा धोका रोजच टळतो; आयसोलेटर यंत्राशेजारी असला, तर तो बंद करायला कोणी कंटाळत नाही. म्हणून यंत्र विकत घेतानाच, ते चालवणाऱ्यांबरोबर दुरुस्त करणाऱ्यांचेही मत घेतले जावे आणि खरेदीच्या अटींत कुलूप लावता येणारी विलगीकरणाची साधने नमूद असावीत.

अपघात झाले नाहीत ही आकडेवारी सुरक्षिततेचे पुरेसे माप नाही, कारण विलगीकरण न करता केलेली दुरुस्ती अनेकदा निर्विघ्न पार पडते आणि तीच सवय पक्की करते. त्यापेक्षा चालू कामावर अचानक जाऊन किती कुलपे लागली आहेत, साठलेली ऊर्जा सोडली आहे का, पडताळणी केली का, हे पाहणे अधिक खरे चित्र देते. थोडक्यात टळलेल्या अपघाताची माहिती देणाऱ्या कामगाराला शिक्षा झाली, तर पुढची माहिती कधीच मिळत नाही, हेही व्यवस्थापनाने ओळखले पाहिजे.

या सर्व आढाव्यातून एक निष्कर्ष निर्विवादपणे निघतो. देखभालीतील इजा टाळण्याचे तंत्र माहीत आहे, ते जुने आहे, स्वस्त आहे आणि जिथे ते खरोखर पाळले गेले तिथे ते उपयोगी पडले आहे. कमतरता आहे ती वेळेची आणि अधिकाराची. यंत्र थांबवून निर्धोक करायला लागणारी पंधरा-वीस मिनिटे उत्पादनाच्या वेळापत्रकात आधीच धरली जात नाहीत, आणि फिटरचे कुलूप त्याच्याशिवाय कोणीही, अगदी मालकानेही, काढू नये हा नियम दबावाखाली टिकत नाही. कारखानदारांनी या दोन गोष्टी लेखी आदेशाने मान्य कराव्यात, कामगार संघटनांनी वेतनकरारात त्यांचा आग्रह धरावा, शासनाने प्रत्येक कामगाराच्या स्वतंत्र कुलपाची तरतूद नियमांत स्पष्ट शब्दांत करावी. आणि यंत्र मृत झाल्याची स्वतः खात्री केल्याशिवाय एकाही कामगाराने, कोणाच्याही सांगण्यावरून, त्यात हात घालू नये.